काचेवर जाऊ नका, कडी बघा!

सॅम्पल फ्लॅट बघायला गेल्यावर आपण सगळे शेवटी एकाच ठिकाणी जाऊन उभे राहतो. हॉलच्या खिडकीपाशी! बिल्डरचा माणूस मोठ्या स्टाइलमध्ये पडदा सारतो, खाली स्विमिंग पूल, समोर टेकडी नाहीतर खाडी, आणि आपण मनातल्या मनात कॉफीचा मग घेऊन तिथे उभेसुद्धा राहिलेलो असतो. काच केवढी मोठी, फ्रेमचा रंग कुठला, पडदे कसले लावायचे, सगळं ठरतं. पण ती खिडकी उघडून किती जण बघतात? हॅण्डल फिरवलं, झडप पूर्ण बाहेर ढकलली, परत ओढून घेतली, लॉक केली, आणि ती खरंच घट्ट बसली का ते बोटाने चाचपलं, असं कुणी करतं?

नाही ना? मग पझेशननंतरच्या पहिल्याच पावसात बेडरूमची खिडकी रात्रभर शिट्टी वाजवते. दुसऱ्या वर्षी हॅण्डल जड होतं. तिसऱ्या वर्षी झडप एका कोपऱ्यातून खाली झुकते आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज पडतो, 'कुणाकडे चांगला फॅब्रिकेटर आहे का?' तोवर ती खिडकी कायमची बंद झालेली असते, पुढ्यात सोफा आलेला असतो आणि एसी चालू असतो.

काच फुटली तर दिसते. फ्रेमला ओरखडा पडला तर दिसतो. पण खिडकी चालते ती बिजागरीवर, कडीवर आणि ती धरून ठेवणाऱ्या चार-सहा स्क्रूंवर. ते कुणालाच दिसत नाहीत. कोटेशनमध्येसुद्धा त्यांची एकच ओळ असते, 'हार्डवेअर : स्टॅण्डर्ड'. स्टॅण्डर्ड म्हणजे काय, हे विचारायची हीच वेळ असते आणि आपण नेमके तेव्हा टाइल्स बघत असतो.

आजोळची खिडकी आठवतेय?

जुन्या घरातली लाकडी खिडकी आठवून बघा. मधे लोखंडी गज. गजांच्या बाहेर उघडणाऱ्या दोन झडपा, आणि बऱ्याच घरांत गजांच्या आतल्या बाजूला डासांच्या जाळीच्या वेगळ्या दोन झडपा. बिजागऱ्या, वरखाली सरकणाऱ्या कड्या आणि झडप वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला आकडा. बस्स! एवढ्या हार्डवेअरवर त्या खिडक्यांनी पन्नास-साठ पावसाळे काढले. लाकूड पावसात फुगायचं, कडी भोकात बसायची नाही, मग कुणीतरी वरवंट्याने ठोकायचं. ते सगळं खरं. पण बिघाड झाला की तो डोळ्यांना दिसायचा आणि गल्लीतला सुतार तासाभरात दुरुस्त करायचा.

मग लोखंडी खिडक्या आल्या. मुंबईत ओव्हल मैदानासमोरच्या आणि मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको बिल्डिंगा साधारण १९३० नंतरच्या. २०१८ मध्ये युनेस्कोने मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून जाहीर केला, त्यातल्याच या. तिथल्या जुन्या स्टीलच्या खिडक्या अजून कुठे टिकून असतील तर खालच्या बाजूला एक चपटी पट्टी दिसेल, तिला ओळीने भोकं. चौकटीवरच्या खुंटीत हवं ते भोक अडकवायचं, की झडप तेवढीच उघडी राहते. थोडी, अर्धी किंवा पूर्ण. बंद करायला छोटं हॅण्डल, ज्याचं टोक कोंबड्याच्या पायाच्या नखीसारखं बाहेर आलेलं. म्हणूनच इंग्रजीत त्याला 'कॉकस्पर' म्हणतात. नंतर सरकारी क्वार्टर्स, शाळा, रेल्वेच्या कॉलन्या, सगळीकडे याच खिडक्या लागल्या.

माझं विचाराल तर त्या भोकांच्या पट्टीइतकी प्रामाणिक वस्तू खिडकीच्या धंद्यात पुन्हा झाली नाही. वारा कितीही सुटू दे, झडप इंचभर हलायची नाही.

पण मग नव्वदच्या दशकात अॅल्युमिनिअमचं स्लायडिंग आलं आणि सगळा खेळच बदलला. छोट्या वन बीएचकेमध्ये ते एकदम सही होतं. झडप ना आत येते ना बाहेर जाते, ग्रिलला आपटत नाही, पडद्याला अडत नाही. तोटा एकच, आणि तो आपण इतकी वर्षं निमूटपणे सोसला. खिडकी कितीही मोठी असू दे, एका वेळी अर्धीच उघडते. शिवाय सरकायचं तर झडप आणि फ्रेममधे थोडी जागा सोडावी लागतेच.

आवाज येतो तो फटीतून

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत यूपीव्हीसी आलं, अॅल्युमिनिअमचे भारी 'सिस्टीम' सेक्शन आले, आणि बिजागरीची खिडकी पुन्हा फॅशनमध्ये आली. आता तिचं नाव 'केसमेंट'. तिचा मोठा सेलिंग पॉइंट म्हणजे शांतता. हायवेला लागून फ्लॅट घेतलाय? केसमेंट घ्या, डबल ग्लास घ्या, असं प्रत्येक शोरूममध्ये सांगतात.

यातली अर्धी गोष्ट खरी आहे. शांतता नुसत्या डबल ग्लासने येत नाही, ती लॉकमुळे येते. कसं ते बघा. स्लायडिंगमध्ये फट झाकायला ब्रशसारखी केसाळ पट्टी असते, कारण रबर दाबून बसवलं तर झडप सरकणारच नाही. त्या केसांतून हवा आत येते, आणि हवा येते तिथून हॉर्नही येतो. केसमेंटमध्ये झडपेच्या चारी बाजूंना रबराचं गॅस्केट असतं आणि लॉक करताना झडप त्या रबरावर दाबली जाते.

दाबतं कोण? झडपेच्या कडेला एक खाच असते, तिच्यात एक लांब पट्टी बसवलेली असते. हॅण्डल फिरवलं की ही पट्टी वर-खाली सरकते. पट्टीवर जागोजागी मशरूमसारखे छोटे गोल खिळे असतात, ते फ्रेमवरच्या खोबणीत शिरतात आणि झडपेला आत ओढतात. याला मल्टिपॉइंट लॉक म्हणतात. एका हॅण्डलने वर, मधे, खाली, सगळीकडे एकदम पकड. चार फूट उंच झडपेला मधेच एक नखी लावली तर वरचा आणि खालचा कोपरा मोकळाच राहतो, आणि रात्री शिट्टी तिथूनच वाजते.

तुमच्या खिडकीचं चेक करायचंय? साधा कागद घ्या, झडप आणि फ्रेमच्या मधे धरा, खिडकी लॉक करा आणि कागद ओढा. सहज निघून आला तर तिथे दाब नाही. चारी बाजूंना असं करून बघा, पाच मिनिटं लागतील. बऱ्याच लॉकमधे तो मशरूम थोडा एका बाजूला कललेला, म्हणजे केंद्र सोडून बसवलेला असतो. अॅलन कीने फिरवला की दाब मिलिमीटरभर कमी-जास्त होतो. हजारो रुपयांची काच बदलण्याआधी ही अॅलन की फिरवून बघावी, असं शोरूमवाला आपणहून सांगणार नाही. आणि तो सांगत नाही म्हणून त्याला दोष तरी काय द्यायचा, त्याला काच विकायची असते.

खिडकी लटकते कशावर?

इथून पुढे जरा सीरियस व्हा, कारण हा मामला दहाव्या मजल्यावरून खाली उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्याचा आहे.

आजच्या केसमेंटला बहुतेक वेळा जुनी बिजागरी नसते. वर आणि खाली 'फ्रिक्शन स्टे' नावाची जोडी असते. कात्रीसारख्या जोडलेल्या चार-पाच स्टीलच्या पट्ट्या आणि एक छोटा सरकणारा ठोकळा. झडप उघडताना हा ठोकळा घासत सरकतो, त्या घर्षणामुळे झडप जिथे सोडाल तिथे थांबते. घर्षण कमी-जास्त करायला एक स्क्रूही असतो. काही प्रकारांत झडप उघडताना बिजागरीच्या बाजूने थोडी मधे सरकते आणि फ्रेमपाशी हात जाईल एवढी फट राहते. तिथून हात घालून काच बाहेरून पुसता येते. भन्नाट आयडिया आहे! फक्त झडप मधे आल्याने मोकळी वाट अरुंद होते. जिथून गरज पडली तर माणूस बाहेर पडू शकला पाहिजे त्या खिडकीला वेगळा स्टे लागतो, पूर्ण नव्वद अंशांत उघडून वाट मोकळी करणारा. दोन्ही दिसायला सारखेच. ऑर्डर देतानाच विचारायचं.

आता सिंगापूरची गोष्ट. तिथल्या हजारो फ्लॅट्सना अशाच अॅल्युमिनिअमच्या केसमेंट खिडक्या, आणि त्यांचे स्टे अॅल्युमिनिअमच्या रिव्हेटने बसवलेले. खिडक्या खाली पडायला लागल्या. काच धड, फ्रेम धड आणि अख्खी झडपच खाली! कारण होता तो रिव्हेट. स्टेनलेस स्टील आणि अॅल्युमिनिअम एकमेकांना टेकलेले असले आणि ओल लागली की छोटीशी बॅटरी तयार होते आणि त्यात अॅल्युमिनिअम झिजतं. त्यातही भाग जेवढा लहान तेवढा लवकर झिजतो. मोठ्या स्टीलच्या पट्टीला धरून ठेवणारा अॅल्युमिनिअमचा एवढासा रिव्हेट म्हणजे त्या बॅटरीचा पहिला बळी. तो आतल्या आत खात जातो, बाहेरून काहीच कळत नाही.

मग सरकारने कायदाच केला. १ ऑक्टोबर २००४ पासून केसमेंट खिडकी असलेल्या प्रत्येक घरमालकाने ते रिव्हेट काढून स्टेनलेस स्टीलचे लावायचे. नाही लावले तर पाच हजार सिंगापूर डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि देखभालीअभावी खिडकी खरंच पडली तर दहा हजार डॉलरपर्यंत दंड, एक वर्षापर्यंत कैद. बिल्डरला नाही, फ्लॅटच्या मालकाला! हाँगकाँगने जून २०१२ मध्ये खिडक्यांच्या सक्तीच्या तपासणीची योजना सुरू केली. तीन मजल्यांपर्यंतची राहती घरं वगळता, दहा वर्षांहून जुन्या इमारतींना नोटीस आली की नेमलेल्या तज्ज्ञाकडून खिडक्या तपासून घ्यायच्या आणि सांगितली ती दुरुस्ती करायची.

आपल्याकडे ठाणे, पनवेल, हिंजवडी, वाकड, जिथे बघाल तिथे वीस-तीस मजल्यांच्या केसमेंट खिडक्या उभ्या राहतायत. समुद्राची खारी हवा सिंगापूरला जशी आहे तशीच मुंबईलाही. म्हणून स्टे आणि स्क्रू दोन्ही स्टेनलेस हवेत, आणि नुसतं 'एसएस आहे साहेब' एवढ्यावर गप्प बसायचं नाही. नंबर विचारा. २०२ नंबरचं स्वस्त, त्यात निकेल कमी, दमट खाऱ्या हवेत त्यावर तपकिरी डाग येतात. ३०४ बरं, त्यात साधारण अठरा टक्के क्रोमिअम आणि आठ टक्के निकेल. अगदी समुद्रासमोर घर असेल तर ३१६, त्यात मॉलिब्डेनमही असतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, 'बघा, चिकटत नाही, म्हणजे ओरिजिनल!' हसून सोडून द्या. चुंबक २०२ लाही फारसं चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या, ते जास्त खात्रीचं.

आणि यूपीव्हीसी असेल तर आणखी एक प्रश्न, स्क्रू नेमका कशात गेलाय? यूपीव्हीसीच्या पोकळ सेक्शनमधे स्टीलचा सांगाडा घालतात. वजनदार झडपेचे स्क्रू त्या स्टीलमधे रुतले पाहिजेत. नुसत्या प्लॅस्टिकमधे गेले तर काही वर्षांत भोक मोठं होतं आणि झडप झुकते. खिडकी बसल्यावर हे कुणाला दिसत नाही, म्हणून बसवतानाच उभं राहून बघायचं.

डास, जाळी आणि दोन फुटांचा हात

आता आपला खास देशी प्रॉब्लेम. झडप बाहेर उघडते, म्हणजे जाळी आत आली. संध्याकाळी सहाला डास येतात म्हणून जाळी बंद. साडेसहाला अचानक पाऊस. खिडकी बंद करायला जाळी उघडा, हात बाहेर काढा, झडप ओढा. तोवर डासांची अख्खी बटालियन आत!

पण डास हा यातला छोटा भाग. झडप नव्वद अंशांत उघडली की हॅण्डल तुमच्यापासून किती लांब जातं? झडपेच्या रुंदीइतकं. अडीच फूट रुंद झडप म्हणजे हॅण्डल भिंतीच्या बाहेर अडीच फुटांवर. चौदाव्या मजल्यावर, भर पावसात, ओल्या कट्ट्यावर पोट टेकवून तुम्ही ते ओढणार? किंवा तुमच्या कामवाल्या मावशी? हाँगकाँगमध्ये घरकामगारांच्या करारात २०१७ पासून यासाठी कलमच आहे. उंचावरच्या खिडकीची बाहेरची बाजू पुसायला सांगायची असेल तर खिडकीला ग्रिल हवं, ते बंद केलेलं हवं, आणि हातांखेरीज शरीराचा कुठलाही भाग बाहेर जाता कामा नये. आपल्याकडे घरी काम करणाऱ्या माणसाला आपण एवढं तरी सांगतो का?

म्हणून फॅब्रिकेटरला माप देताना काचेचा विचार नंतर. आधी घरातल्या सगळ्यात कमी उंचीच्या व्यक्तीने कट्ट्यापाशी उभं राहून हात लांब करावा. जिथवर आरामात पोचतो, झडप त्याहून रुंद नको. एक मोठी झडप करण्यापेक्षा मधे फिक्स काच आणि बाजूला दोन अरुंद झडपा, हे दिसायलाही वाईट नाही.

अमेरिकेत यावर मजेदार तोडगा आहे. खालच्या फ्रेमवर छोटा दांडा, ऊस पिळायच्या चरकासारखा गोल फिरवायचा, आत दातेरी चाक, आणि झडप आपोआप बाहेर जाते, आत येते. जाळीला हातच लावायचा नाही. आपल्याकडे हा प्रकार फारसा रुळला नाही. इथे लोक घडीची प्लीटेड जाळी लावतात किंवा वर गुंडाळली जाणारी रोलर जाळी. दोन्ही छान दिसतात, पण धुळीची अॅलर्जी असल्यासारख्या वागतात. खालची पट्टी दर पंधरवड्याला ब्रशने साफ केली नाही तर अडकतात. बिजागरीवरची साधी जाळीची झडप दणकट, तिला चुंबकाची पट्टी किंवा छोटी कडी पुरते. फक्त तिला आत उघडायला जागा हवी, म्हणजे कट्ट्यावरच्या कुंड्या गेल्या.

जर्मन पद्धतीची 'टिल्ट अँड टर्न' खिडकी हे आणखी एक उत्तर. १९३५ मध्ये विल्हेल्म फ्रँक यांनी तिचं हार्डवेअर कारखान्यात बनवायला सुरुवात केली. हॅण्डल खाली, तर खिडकी बंद. आडवं केलं तर झडप दारासारखी आत उघडते. वर केलं तर खालची कड तिथेच राहून फक्त वरची बाजू थोडी आत कलते. हवा येते, कुणी बाहेर डोकावू शकत नाही, जाळी आणि ग्रिल दोन्ही बाहेर निवांत, आणि काच घरात उभं राहून पुसायची. झक्कास! फक्त पाऊस पडत असताना आत उघडली की झडपेवरचं पाणी सगळं बिछान्यावर. पडदाही रोज आडवा येणार. घरात मांजर असेल तर खिडकी कललेली ठेवून बाहेर जाऊ नका. वरच्या फटीतून जायच्या नादात मांजर खालच्या निमुळत्या भागात अडकतं आणि जिवावर बेततं.

या खिडकीची एक गंमत माहीत असू द्या. झडप उघडी असतानाच कुणी हॅण्डल वर फिरवलं, तर झडप वरच्या कोपऱ्यातून सुटते आणि एकाच बिजागरीवर लोंबकळल्यासारखी दिसते. पाहुण्यांकडून हे हमखास होतं आणि घाबरगुंडी उडते. ती तुटलेली नसते. वरचा सुटलेला कोपरा हाताने फ्रेमला नीट टेकवा, हॅण्डलच्या कडेला किंवा झडपेच्या धारेवर एक छोटी लिव्हर असते ती दाबून धरा, आणि हॅण्डल परत आडवं करा. बसली!

जाळी म्हणजे कठडा नव्हे

तुमच्या घरी लहान मूल असेल, किंवा वीकेण्डला भाचे कंपनी येत असेल, तर सगळ्यात मोठा गैरसमज हाच असतो, 'अरे जाळी लावलीय की!' जाळी डासासाठी असते. वेल्क्रोची किंवा चुंबकाची जाळी दोन वर्षांच्या मुलाने अंग टेकवलं तरी सुटते. उलट जाळीमुळे आपण निर्धास्त होतो आणि खिडकीखाली दिवाण सरकवतो. दिवाण म्हणजे त्या मुलाची शिडी.

न्यूयॉर्कमध्ये मुलं खिडक्यांतून पडण्याचं प्रमाण इतकं वाढलं होतं की १९७२ मध्ये तिथल्या आरोग्य खात्याने 'चिल्ड्रेन कान्ट फ्लाय' नावाची मोहीम काढली. घरोघरी जाऊन माहिती द्यायची आणि खिडक्यांना मोफत गार्ड द्यायचे. पडण्याचे प्रकार कमी झाले, आणि १९७६ मध्ये नियमच आला. दहा वर्षांपर्यंतचं मूल राहत असेल त्या अपार्टमेंटच्या खिडक्यांना गार्ड लावून देणं घरमालकावर बंधनकारक झालं. एरिक क्लॅप्टनचं 'टिअर्स इन हेवन' आपल्यातल्या कित्येकांनी कॉलेजात गिटारवर वाजवलंय. ते गाणं त्याने लिहायला घेतलं ते त्याच्या चार वर्षांच्या मुलासाठी. १९९१ मध्ये न्यूयॉर्कमधल्याच एका इमारतीच्या त्रेपन्नाव्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून तो पडला होता.

केसमेंटला यासाठी जे हार्डवेअर मिळतं त्याला 'रिस्ट्रिक्टर' म्हणतात. स्टीलची छोटी केबल किंवा आखूड दांडी. खिडकी उघडते, पण साधारण शंभर मिलिमीटर, म्हणजे चार इंचच. लहान मुलाचं डोकं त्यातून जात नाही. पूर्ण उघडायची तर किल्ली लावा किंवा एकाच वेळी दोन ठिकाणी दाबा, जे लहान मुलाला जमत नाही. यात फार मोठा खर्च नाही, एका दुपारी बसवून होतं. फक्त स्वस्तातली साखळी आणि लाकडात घुसवलेला हुक याला रिस्ट्रिक्टर म्हणू नका. पूर्ण वजनाने ढकललं तर टिकेल का, हे स्वतः ढकलून बघायचं.

किल्लीचं हॅण्डलही येतं. पण किल्ली हॅण्डललाच लटकत असेल तर तिचा उपयोग शून्य. आणि कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे हे कुणालाच आठवत नसेल, तर ती दुसऱ्या बाजूने धोका होते. ती दुसरी बाजू म्हणजे आग.

ग्रिलला दार आहे का?

आपल्या खिडक्यांचं खरं कुलूप म्हणजे ग्रिल. त्यातही मुंबईचं लाडकं डब्बा ग्रिल! कुंड्या, सायकल, कपडे, जुना कूलर, सगळं त्यात मावतं. चोर आत येत नाही हे खरं, पण घरात आग लागली आणि दाराच्या बाजूने धूर आला तर आतला माणूसही बाहेर येत नाही.

चौदाव्या मजल्यावरून कुणी खिडकीतून उतरत नाही हे मान्य. तिथे वाट जिन्याचीच. पण पहिल्या-दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर, आणि जिथे अग्निशमन दलाची शिडी पोचते तिथे, उघडणारी एक खिडकी म्हणजे जीव. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना नियमांत बेडरूमच्या सुटकेच्या खिडकीला मोकळी जागा किमान वीस इंच रुंद आणि चोवीस इंच उंच मागितली आहे. त्या खिडकीवर ग्रिल असेल तर ते आतून, किल्लीशिवाय आणि हत्याराशिवाय उघडलं पाहिजे. आपल्या ग्रिलमध्ये ठेवलेलं चौकोनी दार मोजून बघा. बऱ्याच वेळा ते एसीच्या मेकॅनिकचा हात जाईल एवढंच असतं. आणि त्याला कुलूप. आणि कुलूप तीन पावसाळ्यांत गंजून घट्ट.

चोरापासून आणि मुलापासून वाचवायचं तर कडी सहज उघडता कामा नये. धुरात वाचायचं तर ती सहज उघडली पाहिजे. भांडण आहे खरं, पण सुटतं. कडी आतून, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, बाहेरून हात घालून पोचणार नाही अशी. आधी खेचा, मग फिरवा, अशी दोन हालचालींची. कुलूपच हवं असेल तर किल्ली खिडकीजवळच, पण भिंतीच्या मागे उंच खिळ्यावर, आणि ती आई-बाबांसकट घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटून सापडली पाहिजे. एका रविवारी लाइट बंद करून ट्राय करा. हसाल, पण किती वेळ लागतो ते कळेल. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तरी ग्रिलचं कुलूप बदलायला घरमालक सहसा नाही म्हणत नाही.

शनिवारची अर्धी दुपार

एवढं सगळं वाचून खिडक्या बदलायला निघू नका. आहेत त्याच खिडक्यांकडे वर्षातून दोनदा बघा, एकदा मेच्या शेवटी आणि एकदा दिवाळीच्या सफाईत. फ्रिक्शन स्टेच्या खोबणीतली माती कोरड्या ब्रशने काढा, मग सिलिकॉनचा स्प्रे. खोबरेल तेल नको, प्लीज! ते धूळ धरतं, घट्ट होतं, आणि मग आपण म्हणतो हॅण्डल जड झालं. स्क्रू हाताच्या पेचकसाने आवळून घ्या. एखादा गोल गोल फिरतच राहिला तर तिथे जास्त जाडीचा स्क्रू लागेल, तो फॅब्रिकेटरकडून. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली तर ते झिजणारं अॅल्युमिनिअम. ती झडप उघडू नका, आधी माणूस बोलवा. झडप बंद करताना खालच्या फ्रेमला घासत असेल तर तेही झुकल्याचंच लक्षण.

स्टे बदलायची वेळ आली तर जुना काढून बरोबर न्या. झडप उतरवणं आणि चढवणं हे काम मात्र फॅब्रिकेटरचंच, वरच्या मजल्यावर तर नक्कीच. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी आहे, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. नुसती लांबी सांगून भागत नाही, पट्ट्यांची एकूण जाडीही जुळावी लागते, नाहीतर नवा स्टे लावूनही झडप बसत नाही. झडपेचं वजनही सांगा, काच सिंगल की डबल तेही. आणि एक लक्षात असू द्या, स्टे नेहमी जोडीनेच बदलतात. वरचा नवा आणि खालचा जुना असेल तर दोघांची ओढ वेगळी होते आणि झडप तिरकी चालते. दुकानदार एकच द्यायला तयार झाला, तर शेजारच्या दुकानात विचारा.